चंदेरी कासव

"आजी, ह्या डब्याला दोरा कुणी बांधलाय?"

मुक्ता बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा पोटाशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या बापानं माळ्यावरून गादी ओढली, तिच्याबरोबर हा डबाही खाली आला होता.

"मी बांधलाय," मी म्हटलं.

"का? आत साप आहे?"

"साप कशाला असेल गं! तुझ्या बाबाची कार्डं आहेत. लहानपणची."

"मग दोरा का? तो हट्ट करायचा?"

मागून हृषी आला. केसांत माळ्यावरची जळमटं. डब्याकडं त्यानं एकदा पाहिलं आणि ओट्यावरचा चहाचा कप उचलला. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं.

"आई, साखर विसरलीस."

"तो माझा कप. तुझा तो निळा."

"तू बिनसाखरेचा कधीपासून घेतेस?"

"मृण्मयी दवाखान्यात गेली त्या दिवसापासून."

त्यानं कप खाली ठेवला. आवाज न करता, पण फार सावकाश. त्याला राग आला की तो असाच हळू होतो. अगदी बापावर गेलाय.

"माझ्या बायकोच्या नावानं नेम धरलास?"

"मला जे येतं ते मी करते, बाबा."

"कर. पण मुक्ताला यातलं काही शिकवू नकोस. एवढं एक ऐक माझं."

या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. श्रावणातला रविवार होता. माझी सून मृण्मयी कोल्हापूरच्या दवाखान्यात होती. सातवा महिना, आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलेलं. तिची आई तिच्याजवळ राहिली होती. सात वर्षांच्या मुक्ताला हृषी गडहिंग्लजला माझ्याकडं सोडायला आला होता आणि सोमवारी परत जाणार होता.

मी बारा महिने काही ना काही पाळते. तुळशीला पाणी घातल्याशिवाय पाणी पीत नाही, एकवेळ जेवते, संध्याकाळी पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय पाठ टेकत नाही. गल्लीतल्या बायका माझ्या पाया पडायला वाकतात तेव्हा मला कसंनुसं होतं. आणि माझ्याच पोटचा मुलगा दहाव्या वर्षापासून देवघराचा उंबरा ओलांडत नव्हता. बारावीच्या पेपराला निघतानासुद्धा ओलांडला नाही. त्याचे बाबा गेले तेव्हापासून हे चाललेलं. देवावर रागावलाय, असं मी धरून चालले होते. रागावू दे, म्हणत होते. फक्त एकदा, माझे डोळे मिटायच्या आत, त्यानं ते तोंडानं बोलावं एवढीच इच्छा होती. पण विचारायचा धीर मला बावीस वर्षं झाला नाही.

"उघड ना, बाबा," मुक्ता त्याच्या शर्टाला लोंबकळली.

"गाठ आजीची आहे. तिला विचार."

मी गॅसकडं वळले. तो दोरा देवघरातला होता. लाल रंग उडून वीटकरी झालेला. हृषी दहा वर्षांचा असताना आषाढी एकादशीला मी तो डब्याला गुंडाळला होता. आमच्याकडं त्या दिवसापासून कार्तिकीपर्यंत चार महिने एखादी आवडती गोष्ट सोडतात. कुणी वांगं सोडतं, कुणी गूळ. नेम सुटेल त्या दिवशी तीच गोष्ट आधी दुसऱ्या कुणाला तरी द्यायची, मग आपण घ्यायची. हृषीनं तारकवीर सोडले होते. कार्डंही आणि टीव्हीवरचं कार्टूनही. बाबा बरे व्हावेत म्हणून.

"तारकवीर म्हणजे काय?" मुक्तानं झाकणावरची अक्षरं लावून वाचली.

हृषीला हसू आलं. "अगं, दोन रुपयांच्या च्युइंगगमबरोबर एक कार्ड यायचं. प्रत्येक कार्डावर एक वीर. खाली दोन आकडे. एक हल्ल्याचा, एक बचावाचा. तू एक टाकायचं, मी एक टाकायचं. मी एवढं च्युइंगगम खाल्लंय की आजी म्हणायची, आतडी चिकटतील."

"चिकटली?"

"नाही. दात किडले."

"त्याचा सिनेमा आहे?"

त्यानं निळा कप उचलला. मग म्हणाला, "आहे एक."

"लाव ना! बाबा, लाव ना!"

आई दवाखान्यात असलेल्या पोरीला नाही म्हणायला जड जातं. त्यानं मोबाइलवर शोधला, टीव्हीला जोडला. दुपारचे तीन वाजले असतील. मी शेवग्याच्या शेंगा सोलायला घेऊन त्यांच्यामागं बसले.

सिनेमा म्हणजे माणसांचे डोळे बशीएवढे आणि केस झाडूसारखे. किरो नावाचा मुलगा. त्याच्या मित्राला, रेमीला, काळराजानं एका बुरुजात कोंडलेलं. बुरुजात वाळू भरत चाललेली. किरोनं काळराजाशी डाव खेळायचा. जिंकला तर मित्र सुटणार.

हृषीला सगळं पाठ होतं. किरोच्या आधी तो बोलायचा. "आता बघ, म्हणणार, माझ्या हातात अजून पाच कार्डं आहेत!" आणि टीव्हीतला किरो तेच म्हणायचा. मुक्ता टाळ्या वाजवायची. मी शेंगा सोलायच्या सोडून त्याच्या मानेकडं बघत राहिले. किती वर्षांनी ती मान अशी सैल सुटलेली मी बघत होते.

"आजी, तू पण बघ की."

"बघतेय. तो कोंबड्यासारखा कोण?"

"आई, तो अग्निपक्षी आहे!" हृषी म्हणाला. "कोंबडा काय!"

"तुरा तर कोंबड्याचाच दिसतोय बाई."

दोघंही खदखदून हसले.

अग्निपक्षी हरला. एकेक करत किरोची सगळी कार्डं गेली. बुरुजातल्या रेमीच्या गळ्यापर्यंत वाळू आली. किरोच्या हातात शेवटचं एकच कार्ड उरलं. त्यानं ते वर धरलं आणि सगळा पडदा चांदीसारखा उजळला. एक कासव. हल्ला शून्य. काळराज गडगडाटी हसला.

आणि पडदा थांबला. हृषीनं मोबाइल दाबला होता.

"का थांबवलंस?" मुक्ता ओरडली.

"इथपर्यंतच."

"संपला?"

"संपला नाही. मी इथपर्यंतच बघितलाय. पुढचं मला माहीत नाही."

"मग लाव! आता कळेल!"

"नको. उद्या बघू."

त्याचा आवाज पुन्हा हळू झाला होता. मुक्तानं त्याच्याकडं बघितलं, पडद्यावरच्या कासवाकडं बघितलं. मग एकदम शहाण्यासारखी मांडी घालून बसली.

"बरं. मग मी पण नेम धरते. आजीनं साखर सोडली ना, तसा. आई घरी येईपर्यंत मी पुढचा सिनेमा बघणार नाही. म्हणजे आईला काही होणार नाही."

"मुक्ता!"

एवढ्या जोरात तो आयुष्यात ओरडला नव्हता. माझ्या मांडीवरचं ताट उपडं झालं. पोर आधी नुसती बघत राहिली, मग मोठ्यानं रडत माझ्या कुशीत शिरली.

"बघितलंस?" तो मला म्हणाला. "हेच. हेच नको होतं मला."

"मी तिला काही सांगितलं नाही रे."

"सांगावं लागतच नाही! तुला बघून कळतं. मलाही कळलं होतं." तो उठला, खिडकीशी गेला, परत आला. "आणि उद्या मृण्मयीला काही झालं तर? ही पोर चुकून टीव्हीसमोरून गेली असेल, दोन मिनिटं बघितलं असेल... मग काय करेल ती? जन्मभर काय करेल?"

मुक्ताच्या पाठीवर फिरणारा माझा हात थांबला.

"हृषी, तू कुणाबद्दल बोलतोयस?"

तो खाली बसला. सतरंजीवर, सांडलेल्या शेंगांमध्ये.

"यासीनच्या घरी बघितला मी हा सिनेमा," तो म्हणाला. यासीन म्हणजे शेजारच्या बागवानांचा, त्याच्या वर्गातला. "त्यांच्याकडं सीडी आणली होती. मला माहीत होतं, माझा नेम आहे. तू सांगितलं होतंस, हृषी, तू नेम पाळलास की बाबा बरे होतील. तीन महिने मी पाळला, आई. खोतांच्या दुकानासमोरून जाताना डोळे मिटून घ्यायचो. पण त्या दिवशी यासीन म्हणाला, चल, कुणाला कळणार नाही. आणि मी गेलो. हे कासव आलं, एवढ्यात यासीनचा काका दारात आला. म्हणाला, हृषी, घरी चल."

त्यानं एक शेंग उचलली, परत ठेवली. मग म्हणाला, "घरात एवढी माणसं. सगळी माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, सगळ्यांना कळलंय."

"म्हणून तू देवघरात..."

"काय तोंडानं येऊ?"

राग नव्हताच. बावीस वर्षं मी ज्याला राग समजत होते, ती लाज होती.

"आता मोठा आहे मी, कळतं मला सगळं," तो म्हणाला. "लिव्हर संपलेलं होतं त्यांचं. सिनेमा बघून माणूस मरत नाही. कळतं. पण कळून काय होतं, सांग."

मुक्ताचं रडं थांबलं होतं. ती माझ्या पदराआडून बापाकडं बघत होती. मला वाटलं, गप्प राहावं. पोराला पोटाशी धरावं, देव दयाळू आहे म्हणावं, आणि सांजवातीला उठावं. ते मला सोपं होतं. आजवर तेच केलं होतं.

"मुक्ता, तू नेम धरायचा नाहीस," मी म्हटलं. "लहान मुलांनी धरायचा नसतो. मी तुझ्या बाबाला धरायला लावला, ते माझं चुकलं. आणि हृषी, तू काही चोरून बघितलं नाहीस. तुला मी पाठवलं होतं."

त्यानं मान वर केली.

"आषाढातच मिरजेच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, दोन-अडीच महिने. तरी एकादशीला मी तुझ्या डब्याला दोरा बांधला. तू सारखा विचारायचास, बाबा कधी उठणार, बाबा कधी उठणार. माझ्याकडं उत्तर नव्हतं म्हणून मी तुला नेम दिला. मला वाटलं, पोर त्यात गुंतून राहील."

"आणि तो दिवस?"

"त्या दिवशी सकाळी ह्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी उतरलेला. म्हणाले, 'आज त्याला घरात ठेवू नकोस. यासीनकडं त्याचा तो सिनेमा आलाय म्हणे, बघू दे.' मी म्हटलं, 'अहो, त्याचा नेम आहे.' तर म्हणाले, 'कुणासाठी आहे? माझ्यासाठीच ना? मग मी म्हणतो, बघू दे पोराला.'"

हृषी सरकून माझ्यासमोर आला.

"मी परसातून गेले, यासीनच्या आईला, रझियाभाभींना म्हटलं, यासीनला सांगा, हृषीला घेऊन जा म्हणावं. पण मी सांगितलंय हे कळू देऊ नका. त्या म्हणाल्या, 'का हो वहिनी? सरळ सांगा की.' आता सरळ कसं सांगू? मीच तुझा नेम सोडवला असता तर तुला तिथल्या तिथं कळलं असतं की आता आशा नाही. तू हुशार होतास. म्हणून चोरून बघितल्यासारखं होऊ दिलं. चार वाजता हे गेले."

"मग नंतर का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तू विसरलास. दहा वर्षांचं पोर, सिनेमा काय लक्षात ठेवणार." एवढं खोटं माझ्या तोंडून निघालं आणि मी तिथंच थांबले. "नाही. खरं सांगते. तू दोन वाजता यासीनच्या दारातून आत गेलास आणि मी ओट्याला धरून उभी राहिले. मनात आलं, मोडला. मी माझ्या हातानं पोराचा नेम मोडला. डॉक्टरांचं सगळं ऐकूनसुद्धा मला तसंच वाटलं, हृषी. आणि दोन तासांत... त्यानंतर मी जे जे धरलं, आताची साखर म्हण, एकवेळचं जेवण म्हण, ते त्या दुपारचं फेडायला धरलं. लोक मला पुण्यवान म्हणतात. मी रोज देवापुढं माफी मागत होते."

हृषीनं सतरंजीवरच्या शेंगा एकेक करून ताटात टाकल्या. सगळ्या टाकून झाल्यावर ताट माझ्यापुढं सरकवलं.

"आपण दोघंही तेच धरून बसलो," तो म्हणाला.

मी उठून डबा आणला. गाठ काढायला नखं पुरेनात. मुक्तानं डोक्याची पिन काढून दिली.

"कापू का, आजी?"

"नको. सुटेल."

सुटली. आत कार्डांचा गठ्ठा रबरानं बांधलेला. रबराचा चिकट चुरा झाला होता. मुक्तानं सगळी जमिनीवर मांडली. अग्निपक्षी सापडला. तिनं सगळी तीनदा चाळली.

"बाबा, कासव कुठंय?"

"कासव नव्हतं माझ्याकडं. कधी मिळालंच नाही. गल्लीत कुणालाच मिळालं नाही."

मी देवघरात गेले. पोथीच्या पाटाखाली एक पाकीट होतं. दर वर्षी पाट पुसताना मी ते उचलायची आणि परत तिथंच ठेवायची.

"हे तुझं. नेम सुटेल त्या दिवशी दे, असं तुझे बाबा म्हणाले होते. नेम सुटलाच नाही. कार्तिकी आली तेव्हा घरात सुतकातल्यासारखंच होतं, उद्यापन कोण करतंय. आणि मग मला ते द्यायचा धीर झाला नाही. दिलं असतं तर तू विचारलं असतंस, आपण जाणार हे बाबांना माहीत होतं का."

त्याचे बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. शेवटचे पंधरा दिवस उशीला टेकून, एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर, थांबत थांबत त्यांनी ते काढलं होतं. बेताच्या आकाराचं कार्ड. मध्ये कासव. कार्टूनमधलं कासव त्यांनी कधी बघितलं नव्हतं, म्हणून महादेवाच्या देवळातल्या कासवासारखं काढलेलं, पाठीवर चाफ्याच्या फुलासकट. कडेला चंदेरी पट्टी हवी, हृषी सारखा सांगायचा, म्हणून गोळ्यांच्या पाकिटाची चांदी कापून चिकटवली होती. खाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं, हल्ला: शून्य. बचावाचा आकडा त्यांना ठाऊक नव्हता. तिथं त्यांनी लिहिलं होतं, बचाव: पुरेसा.

हृषीनं ते वाचलं. मग कार्ड तोंडावर धरून तो रडला. दहाव्या वर्षी रडला नव्हता तो. तेव्हा सगळ्या बायका म्हणाल्या होत्या, पोर किती समजूतदार आहे.

मुक्ता त्याच्याजवळ सरकली. थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "बाबा, आता पुढचं लावायचं?"

आम्ही तिघांनी पुढचं बघितलं. काळराजानं कासवावर वार केले. एक, दोन, पाच. कासव जागचं हललं नाही. त्याच्या पाठीला तडे गेले. तेवढ्यात रेमी बुरुजातून कसाबसा बाहेर निघाला, आणि मग कासव फुटलं. डाव काळराजानं जिंकला.

"म्हणजे किरो हरला?" मुक्ताला पटेना.

"हरला की," हृषी म्हणाला. डोळे पुसता पुसता त्याला हसू फुटलं. "आणि मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, तो जिंकला असणार."

"पण मित्र सुटला."

"हो. मित्र सुटला."

त्यानं गठ्ठा गोळा केला, पिसला, आणि अख्खाच्या अख्खा मुक्ताच्या हातात दिला. "आधी तुला. आता तू वाट." कासव मात्र त्यानं खिशात ठेवलं. मुक्तानं पाच-पाच कार्डं वाटली, स्वतःला, बापाला, आणि न विचारता मलाही. मी त्या कार्डांना कधी हात लावला नव्हता. पत्त्यांचा प्रकार म्हणून मला ती आवडायची नाहीत. मी उचलली आणि पहिल्याच फेरीत कोंबडा टाकला.

मृण्मयीला आश्विनात मुलगा झाला, दिवस भरून. दिवाळीत सगळी गडहिंग्लजला आली. माझा नेम सुटला. ज्या वस्तूचा नेम, तिचं दान आधी. मी साखरेची पिशवी भरली आणि देवळातल्या गुरवाकडं निघाले, तर हृषीनं ती हातातून घेतली.

"मी देतो. पण देवळात नको."

मी त्याच्या मागोमाग गेले. तो बागवानांच्या दारात थांबला. रझियाभाभी आता थकल्यात, गुडघे धरून उठतात. पिशवी बघून म्हणाल्या, "हे काय रे हृषी? दिवाळीत फराळाचं ताट येतं तुमच्याकडनं, साखर कशाला?"

"आईचा नेम सुटला, भाभी. ही तुम्हाला."

त्यांनी पिशवी घेतली नाही. आधी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"आणि तुझा?"

हृषी दारातच बसला, चपला काढून, लहानपणी बसायचा तसा.

"माझा अर्धा सिनेमा राहिला होता," तो म्हणाला. "बघून टाकला."